गिटारची ॲक्शन खाली हवी, पण खरखर नको : घरच्या घरी काय करता येईल?

वैनगंगेकाठचा

मंडळी, नमस्कार.

मी पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीतल्या एका नाटक मंडळात इलेक्ट्रिक गिटार वाजवतो. दिवाळी झाली, धान निघालं की गावोगावच्या मंडया, म्हणजे जत्रा, सुरू होतात आणि मंडई म्हटली की रात्री नाटक आलंच. दहाच्या सुमारास पडदा उघडतो तो पहाटेच पडतो. ऑर्गन, ढोलक, ऑक्टोपॅड आणि गिटार, एवढाच आमचा ताफा. बारे कॉर्ड (एका बोटाने सगळ्या तारा दाबून) आणि बेंड (तार बाजूला ढकलून सूर चढवणं) सतत असतात, त्यामुळे शेवटच्या अंकापर्यंत डावा हात भरून येतो. म्हणून ॲक्शन, म्हणजे तारांची फ्रेटपासूनची उंची, खाली हवी आहे.

गिटार स्ट्रॅट (फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटोकास्टर) बनावटीची, सेकंडहँड. २२ फ्रेट (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या), सहा सॅडलचा (तारा टेकतात ते वर-खाली होणारे तुकडे) ट्रेमोलो ब्रिज, तारा ९-४२ (जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात), ट्यूनिंग साधंच. शहरातल्या एका दुकानात ॲक्शन खाली करायला दिली होती. त्यांनी केली खाली, पण तेव्हापासून पाचवी आणि सहावी तार पहिल्या ते पाचव्या फ्रेटपर्यंत खरखरते. शिवाय पहिली तार चौदाव्या फ्रेटवर बेंड केली की सूर अर्ध्यातच मरतो. सॅडल वर घेतले की दोन्ही जातं, पण मग हात दुखतो.

इकडे गिटारचं काम करणारं कोणी नाही. नागपूर गाठायचं तर एक दिवस मोडतो आणि सीझनमध्ये तो मिळत नाही. कोणी घरच्या घरी हे काम केलं आहे का?

तारसप्तक

आधी एक सांगा. खरखर ॲम्पमधून ऐकू येते, की फक्त गिटार कानाजवळ धरल्यावर?

वैनगंगेकाठचा

@तारसप्तक, सहावी तार क्लीन टोनवर ॲम्पमधूनही खरखरते. बेंड मरतो तो तर पहिल्या रांगेतल्या पोरांनाही कळतो.

चौथा फ्रेट

तुमच्या वर्णनातच अर्धं निदान आहे. खरखर कुठे होते हे आधी पक्कं करायचं, स्क्रूला हात नंतर लावायचा. दुकानात बरेचदा उलटं होतं.

फक्त मोकळी तार खरखरते आणि पहिल्या फ्रेटवर दाबली की बंद होते, तर नटची (मानेच्या टोकाला तारा ज्या पट्टीच्या खाचांतून जातात तिची) खाच खोल गेली आहे. पहिल्या पाच-सहा फ्रेटपर्यंत खरखर आणि वर सगळं स्वच्छ, तर मान गरजेपेक्षा सरळ झाली आहे किंवा मागे गेली आहे. बाराव्याच्या वर खरखर असेल तर सॅडल फार खाली आहेत, किंवा मानेला बाक जास्त आहे. आणि एकाच जागी त्रास असेल तर तिथल्या पुढचा एखादा फ्रेट वर आला आहे.

तुमच्याकडे दोन वेगळे आजार आहेत. पाचवी-सहावी खरखरते ती मानेमुळे, चौदाव्यावरचा बेंड मरतो तो फ्रेटमुळे. सॅडल वर केल्यावर दोन्ही झाकले जातात, म्हणून ते एकच वाटतात.

माझा अंदाज असा, की दुकानात ॲक्शन खाली करायला ट्रस रॉड (मानेच्या आतला लोखंडी दांडा) आवळला. ट्रस रॉड ॲक्शनसाठी नसतो. तारा मानेला पुढे ओढतात, तो रॉड तिला मागे धरतो, आणि या दोघांच्या ओढाताणीतून मानेत किंचित बाक उरवायचा असतो. तार कंप पावते तेव्हा तिचा झोका मध्यावर सर्वात मोठा असतो. त्या झोक्याला जागा मिळावी एवढ्यासाठीच तो बाक. तो शून्यावर आणला की खालच्या फ्रेटवर दाबलेली जाड तार पुढच्या फ्रेटांना घासणारच.

क्रम असा ठेवा: हव्या त्या गेजच्या (जाडीच्या) नव्या तारा, ट्यूनिंग, मानेचा बाक, मग सॅडलची उंची, मग नट, मग पिकअप (तारांचा कंप टिपणारं चुंबक), शेवटी इंटोनेशन (वरच्या फ्रेटवरही सूर बरोबर लागणं). क्रम मोडला की केलेलं काम पुन्हा करावं लागतं. १० च्या तारा लावल्या तर ओढ वाढते आणि बाकही वाढतो, म्हणून गेज आधी ठरवा.

बोरीबंदर

वाचनखूण साठवली आहे. हा प्रतिसाद छापून गिटारच्या बॅगेत ठेवतो.

फिलरवाला

चौथा फ्रेट भौ बरोबर सांगून रायले. पण मोजाचं कशानं ते सांगतो. मी हिंगणघाटकडे ट्रॅक्टरचं काम करतो अन् रात्री गिटार वाजवतो.

फिलर गेजसाठी (फट मोजाची पातळ पानं) नागपूरले जाची काही गरज नाही. तुमच्या गावात ट्रॅक्टरवाला मिस्त्री असंनच, टॅपेट लावाले त्याच्यापाशी फिलर राहतेच. त्यातलं ०.२५ चं पान मागजा. लेथवाले त्याले दहा थाऊ म्हणतात, थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. पान आधी कोरड्या फडक्यानं पुसून घेजा, त्याले ऑइल रायते अन् रोझवूडले लागलं की लवकर निंगत नाही.

गिटार ट्यून करून मांडीवर वाजवाच्या पोझिशनमध्ये धरजा. टेबलावर पाठीवर झोपवून मोजू नका, मानेच्या वजनानं आकडा बदलते. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावजा. सहावी तार मान बॉडीले मिळते त्या फ्रेटवर दाबजा. आता तार म्हणजेच तुमची सरळ पट्टी झाली. आठव्या फ्रेटच्या माथ्यावर पान सरकवा. पानानं तार उचलली तर जागा कमी, पान सैल फिरलं तर जास्त. आत जाताना पान नुसतं घासलं पायजे, तार जागची हलली नाही पायजे. फेंडरवाले साडेनऊ ते बारा इंच रेडियसच्या (गोलाईच्या) फिंगरबोर्डाले हाच ०.२५ चा आकडा देतात.

कॅपो नसंन तर पहिल्या फ्रेटवर बोट दाबा अन् पान दुसऱ्याले धराले लावा.

तारसप्तक

+१. फिलर नसेल तर व्हिजिटिंग कार्डावर काम भागतं, साध्या कार्डाची जाडी साधारण तेवढीच असते.

खर्जातला सा

माझं मत वेगळं आहे. ॲक्शन खाली, अजून खाली, हा नाद हल्ली फार वाढला आहे. तार फ्रेटपासून जितकी उंच तितका तिचा आवाज मोकळा. अमेरिकन ब्लूज गिटारवादक स्टीव्ही रे व्हॉन १३ च्या तारा अर्धा स्वर खाली लावून वाजवायचे. मी दर्यापूरला वीस-एक मुलांना शिकवतो आणि सगळ्यांना सांगतो, हात तयार करा, गिटार आपोआप सोपी होईल. १२ व्या फ्रेटवर २ मिमीच्या खाली मी जात नाही.

सातवी तार

@खर्जातला सा, सर, आदर आहेच, पण हा सल्ला इथे लागू नाही. तुमची मुलं तासभर वाजवतात. धागाकर्ते रात्रभर वाजवतात, थंडीत, उघड्या मंडपात, आणि दुसऱ्या दिवशी पुढच्या गावी परत तेच. अशा वेळी हाताला आराम देणं हा वाद्याचाच भाग आहे. माझ्या मनगटाला टेंडन सुजून बरेच महिने वाजवणं बंद होतं, त्यामुळे हे मी पोटतिडकीने सांगते आहे. ॲक्शन कमी केल्यावर माझा आवाज बारीक झाला नाही, उलट दाब कमी लागत असल्यामुळे सूर सरळ लागायला लागले. जोरात दाबलेली तार किंचित चढते, हे कान असणाऱ्याला कळतं.

खर्जातला सा

@सातवी तार, दुखापतीचं ऐकून वाईट वाटलं. रात्रभराच्या नाटकासाठी तुमचं म्हणणं मान्य. मात्र एवढं ठेवतो: ज्याचा उजवा हात जड आहे त्याने आकडे वाचून सॅडल खाली करू नये. तोच फ्रेट, तीच तार, हलक्या हाताने स्वच्छ वाजते आणि जोराने मारली की खरखरते.

तारसप्तक

यावर कोणाचंच दुमत नसावं. म्हणूनच ॲम्पचं विचारलं होतं. इलेक्ट्रिक गिटारमध्ये थोडी खरखर न जोडता ऐकू येते आणि पिकअपपर्यंत पोचतच नाही. ती घालवायला निघालात तर विनाकारण उंच ॲक्शन घेऊन बसाल. सेटअप तपासताना ॲम्प लावा, क्लीन टोन ठेवा आणि स्टेजवर मारता त्याच जोराने मारा.

भजनी खंजिरी

अवांतर आहे, पण राहवत नाही. आम्ही राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची भजनं म्हणणारी माणसं, गुरुकुंज मोझरीला जाणारी. तुम्ही सगळे जी खरखर घालवायला बसलात ती आमच्या तंबोऱ्यात मुद्दाम आणतात. घोडीचा माथा सपाट नसतो, त्याला अगदी हलका उतार असतो. तार त्या उतारावर टेकत टेकत कंप पावते आणि त्यातून वरचे स्वर उमटतात. त्याला जवारी म्हणतात. ती बारीक करायला तारेखाली सुताचा दोरा सरकवतात, तो जिवा. केसभर पुढे-मागे झाला की तंबोरा बोलायचा थांबतो. जवारी काढणारा कारागीर घोडी घासतो, तार लावतो, ऐकतो, परत घासतो. मिरजेच्या कारागिरांकडे हे बसून पाहण्यासारखं असतं.

आणि हवामानाचं म्हणाल तर आमच्या खंजिरीचं चामडं पावसाळ्यात ढिलं पडतं, निखाऱ्यावर धरून शेकल्याशिवाय वाजत नाही. तुमच्या लाकडालाही हवा लागतच असेल.

चौथा फ्रेट

@भजनी खंजिरी, हे अवांतर नाही. जवारीत तार टेकते ते ठरवून, ठरलेल्या जागी, प्रत्येक स्वराला सारखं. गिटारमध्ये ती टेकते ते एखाद्याच फ्रेटवर आणि सूर मारून टाकते. कान मात्र दोन्हीकडे तोच लागतो.

वऱ्हाडी रीफ

हवेचा मुद्दा निघाला ते बरं झालं, आपल्याकडे तोच सगळ्यात मोठा आहे.

मी अकोल्याचा. मे महिन्यात पारा ४५ च्या वर आणि हवा इतकी कोरडी की ओठ फुटतात. बोर्डाचं लाकूड आखडतं, फ्रेटचा धातू तेवढाच राहतो, मग फ्रेटची टोकं बोर्डाच्या कडेबाहेर येतात. हात सरकवला की ओरखडतात. काही फ्रेट टोकाशी खाचेतून थोडे उचलले जातात. मग जून-जुलैत हवा ओली झाली की मान परत हलते. एप्रिलमध्ये लावलेला सेटअप पोळ्यापर्यंत टिकेल ही अपेक्षाच ठेवू नका. वर्षातून दोनदा, उन्हाळा लागताना आणि पाऊस स्थिरावल्यावर, बाक मोजायचा.

कूलरच्या खोलीत गिटार ठेवणारे बरेच आहेत. खोलीत ठेवा, पण कूलरच्या झोतात नको. दिवसा ओली हवा, लाइट गेली की तासाभरात खोली कोरडी, हा झटका लाकडाला वाईट. टिनाच्या छपराखाली भिंतीला टांगू नका. केसमध्ये ठेवा आणि आत साबणाच्या डबीला भोकं पाडून ओला, पिळलेला स्पंज ठेवा, पाणी गळणार नाही इतपत. ४५ ते ५५ टक्के आर्द्रता लाकडाला मानवते. ती दाखवणारं छोटं यंत्र स्वस्तात मिळतं.

वैनगंगेकाठचा

सगळ्यांचे आभार. मिस्त्रीकाकांकडून फिलर आणला. ०.२५ चं पान सोडा, ०.०५ चं पानही तारेला उचलतं. म्हणजे मानेत बाक उरलेलाच नाही, चौथा फ्रेट दादांचा अंदाज खरा ठरला.

आता ट्रस रॉडला हात लावायचा आहे आणि भीती वाटते. हेडस्टॉककडे (मानेच्या खुंट्यांच्या टोकाकडे) ॲलन किल्लीचं भोक आहे. किती फिरवू? आणि कोणत्या बाजूला?

फिलरवाला

उलट्या बाजूनं, म्हणजे घड्याळाच्या विरुद्ध. हेडस्टॉककडून बॉडीकडे पाहून फिरवजा. तुमाले रॉड ढिला करायचा आहे, अन् ढिलं करणं आवळण्यापेक्षा लय सोपं.

पण किल्ली बरोबर पायजे. इंचाच्या खाचेत मिमीची किल्ली घालू नका, सैल बसते अन् आतले कोन गोल होऊन जातात. मग ते काम खरंच नागपूरचं होते. किल्ली तळापर्यंत बसू द्या. एका वेळी पाव फेऱ्याच्या आत. मग ट्यून करा, वीसेक मिनिटं राहू द्या, परत मोजा. लाकूड सावकाश हलते.

अडकल्यासारखं वाटलं तर जोर लावू नका. ट्यूनिंग पेग थोडे ढिले करून पाहा.

वैनगंगेकाठचा

झालं! पाव फेऱ्याच्याही आत फिरवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मोजलं तर ०.२५ चं पान घासत जातं. पाचवी-सहावी खालच्या फ्रेटवर एकदम स्वच्छ, ॲम्पवर पण. ॲक्शन अर्थात थोडी वर गेली.

चौदाव्यावरचा बेंड मात्र अजून मरतो.

चौथा फ्रेट

अपेक्षितच. आता सॅडल. सहा इंची स्टीलची पट्टी घ्या. बाराव्या फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंत मोजा. गिब्सन कंपनीचा जुना ठराविक आकडा सहाव्या तारेला २ मिमी, पहिलीला १.२. फेंडर सतराव्या फ्रेटवर मोजतं, साडेनऊ-बारा इंची बोर्डाला १.६. तुम्ही सहावी १.८ आणि पहिली १.५ वर सुरुवात करा. मधल्या चार तारा बोर्डाच्या गोलाईप्रमाणे, सगळ्या एका सपाट रेषेत नकोत. पट्टीवर अर्धा मिमी वाचणं जड जात असेल तर दीड मिमीच्या ड्रिल बिटचा गुळगुळीत दांडा तारेखाली सरकवून बघा.

बेंड मरण्याचं कारण असं. पहिली तार वर ढकलली की ती बोर्डाच्या मध्याकडे जाते आणि गोल बोर्डाचा मध्य कडेपेक्षा उंच असतो. जितका लहान रेडियस तितका हा त्रास जास्त. सव्वासात इंची जुन्या धाटणीच्या बोर्डावर फार खाली गेलं तर बेंड मरतोच. पण तुमचा एकाच जागी मरतो, म्हणजे गोलाई हे एकटं कारण नाही. पंधरा किंवा सोळावा फ्रेट तपासा.

सातवी तार

तपासण्यासाठी तीन फ्रेटवर बसेल एवढी सरळ, आखूड पट्टी हवी. ती मधल्या फ्रेटवर डुगडुगली की मधला उंच. लांब पट्टी चौथ्या फ्रेटवर टेकून फसवते.

फिलरवाला

चौदा ते सोळा म्हणजे ३१ मिमी भरते, फेंडरच्या स्केलवर. ३५ मिमीचा स्टीलचा तुकडा लेथवाल्याकडून एका कडेनं ग्राइंड करून घेजा. चहाच्या पैशात होते.

खर्जातला सा

आणि उंच निघाला तर लगेच कानस घेऊन बसू नका! फ्रेट घासणं हे परत न येणारं काम आहे. आधी तो फ्रेट नीट बसलेला आहे का ते पाहा. लाकडी काडीने फ्रेटचं टोक दाबून धरा आणि तोच बेंड वाजवा. सूर जगला तर फ्रेट उंच नाही, उचललेला आहे.

वऱ्हाडी रीफ

खर्जातला सा सरांशी शंभर टक्के सहमत. आपल्या उन्हाळ्यानंतर हेच निघतं. घासलेला असता तर पुढच्या पावसाळ्यात तो खाली बसला असता आणि मग तोच खड्डा झाला असता.

वैनगंगेकाठचा

तुकडा करून आणला. चौदा-पंधरा-सोळावर शांत बसतो. पंधरा-सोळा-सतरावर पहिल्या तारेच्या बाजूला डुगडुगतो, तिसऱ्या तारेच्या खाली नाही. सोळाव्याचं टोक बांबूच्या काडीने दाबून बेंड वाजवला, सूर पूर्ण जगला. फ्रेट उचललेलाच आहे. टोकाखाली नखाची कड जाते.

आता हा बसवायचा कसा?

चौथा फ्रेट

तारा ढिल्या करून बाजूला घ्या. फ्रेटच्या दोन्ही बाजूला बोर्डावर मास्किंग टेप लावा, अगदी फ्रेटला भिडवून. पातळ फेविक्विकचा एक थेंब टाचणीच्या टोकाने उचललेल्या फटीत सोडा, बाटलीतून थेट नको. गोंद आपोआप आत ओढला जातो. लगेच फ्रेटवर सागवानाचा लहान ठोकळा ठेवून क्लॅम्पने दाबा आणि तासभर तसंच राहू द्या. क्लॅम्पच्या खालच्या जबड्याखाली, मानेच्या पाठीवर, जाड कापड घाला. खोलीत हवा खेळती ठेवा, डोळे जपा.

सातवी तार

टेप काढताना बोर्डाच्या कडेकडून मध्याकडे, सावकाश. बाहेरच्या दिशेने ओढला तर रोझवूडचे बारीक पापुद्रे निघतात.

वैनगंगेकाठचा

बसला. डुगडुग गेली. बेंड पूर्ण स्वर चढतो आणि टिकतो. बाराव्यावर सहावी १.८, पहिली १.५. काल नाटकात वाजवली, पहाटेच्या प्रवेशातही करंगळी मोकळी होती. ऑर्गन मास्तरांनी न सांगता विचारलं, नवी गिटार घेतली का जी?

दोन गोष्टी राहिल्या. पहाटे गारठा पडला की सगळ्या तारा चढतात, हे मानेमुळे का? आणि सेटअपनंतर बाराव्याचा दाबलेला सूर हार्मोनिकपेक्षा (तिथेच तारेला नुसतं बोट टेकवून काढलेल्या सुरापेक्षा) किंचित चढा येतो, विशेषतः सहाव्या तारेला.

तारसप्तक

गारठ्याने चढतात त्या तारा, मान नव्हे. स्टील थंड झालं की आखडतं, ताण वाढतो, सूर चढतो. अंकांच्या मध्ये ट्यून करत राहा, ट्रस रॉडला हात लावू नका.

दुसरं इंटोनेशन. दाबलेला सूर चढा तर तार लांब करायची, म्हणजे सॅडल मागे, बॉडीच्या शेवटाकडे. उतरता असेल तर पुढे. प्रत्येक वेळी परत ट्यून करून तपासा. त्याआधी पिकअप बघा. जाड तारेच्या बाजूने पिकअप फार वर असेल तर चुंबक तार ओढतो आणि वरच्या फ्रेटवर सूर लाटांसारखा हलतो, तेव्हा इंटोनेशन कितीही करा, जुळत नाही. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून पिकअपच्या पोलपासून (चुंबकाच्या टोकापासून) सहाव्या तारेला २ मिमीच्या आसपास जागा ठेवा.

धानाची बांधी

मी पण याच भागातला. माझी फक्त तिसरी तार, तीही मोकळीच खरखरते. कुठेही दाबली की गप्प. नवीन नट मागवू का?

चौथा फ्रेट

@धानाची बांधी, थांबा, आधी आहे तोच नट भरून बघा. तिसऱ्या तारेची खाच खोल झाली आहे. तार बाजूला काढा, खाचेत चिमूटभर खाण्याचा सोडा दाबून भरा, वर फेविक्विकचा एक थेंब. क्षणात दगडासारखं घट्ट होतं आणि थोडं गरम होतं, बोट लावू नका, धूर नाकात जाऊ देऊ नका. मग बारीक कानशीने खाच हळूहळू उतरवा, हेडस्टॉककडे किंचित उतार ठेवून. तार तिसऱ्या फ्रेटवर दाबली असता पहिल्या फ्रेटवर तिच्याखाली कागदाएवढी फट दिसली की थांबा.

धानाची बांधी

बारीक कानस कुठून आणू? इकडे मिळते ती कुऱ्हाडीची.

फिलरवाला

गॅस वेल्डिंगच्या टॉर्चची नोझल साफ करायच्या सुया असतात, कानशीसारख्या खरबरीत, वेगवेगळ्या जाडीच्या, एका पाकिटात. वेल्डिंगच्या दुकानात मागजा. तुमच्या तिसऱ्या तारेपेक्षा किंचित जाड सुई निवडजा, पातळ घेतली तर तार खाचेत अडकते अन् ट्यून करताना टक् टक् वाजते.

धानाची बांधी

तारा १०-४६ आहेत, तिसरी १७ ची.

फिलरवाला

१७ थाऊ म्हणजे ०.४३ मिमी. अर्ध्या मिमीच्या जवळची सुई घेजा.